कोल्हापुरीतल्या अक्षता

१

दसऱ्याला पूजेत मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच दुपारी चार वाजता दीप्तीने चौरंगावर अक्षता टाकल्या, नमस्कार केला, आपला स्टेथोस्कोप उचलला आणि त्याच्याखाली निळ्या वहीऐवजी नुसतं लाल कापड दिसलं, तेव्हा तिला वाटलं आपलेच डोळे चुकताहेत. तिने झेंडूची फुलं बाजूला सारली. नवऱ्याचा लॅपटॉप उचलून पाहिला. गाडीच्या किल्ल्या, पाहुणी आलेल्या नुपूरच्या थीसिसचा गठ्ठा, सगळं जिथल्या तिथे होतं. वही तेवढी नव्हती.

"यतिन!" ती ओरडली. "वही गेली!"

नेमक्या त्याच क्षणी चित्रलेखा उकिडवे दारात उभी होती. एका हातात आम्रखंडाचा डबा आणि दुसरा हात भिंतीला टेकून ती पायातले बूट काढत होती. सिडनीच्या वेस्टमीड भागातल्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत ती बावीस वर्षं काम करत होती आणि आजही सकाळची शिफ्ट उरकून थेट इथे आली होती. नळीवर नाव, तारीख आणि वेळ नसेल, तर ते रक्त प्रत्यक्ष मंत्र्याचं का असेना, ती कचऱ्यात टाकायची. माणसांच्या बोलण्यालाही ती हाच नियम लावते, असं तिचा नवरा म्हणत असे आणि फारसं कौतुकाने म्हणत नसे.

दसरा खरं तर मंगळवारीच होऊन गेला होता. पण सिडनीत पंचांगापेक्षा रविवार मोठा, त्यामुळे दीप्ती आणि यतिनच्या घरी तो आज साजरा होत होता. हौस म्हणून तर होताच, पण दीप्तीला उद्यासाठी देवीचा आशीर्वादही हवा होता.

शहराच्या पश्चिमेला गाडीने पाऊण तासावर एक तुरुंग होता. तुरुंग सरकारचा, कैदी सरकारचे, चालवणारी मात्र एक खाजगी कंपनी. असे तुरुंग कायद्यानेच बंद करावेत, असं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं होतं आणि त्यावर नेमलेली समिती उद्या सकाळी दहाला दीप्तीची साक्ष ऐकणार होती. जूनमधल्या एका शनिवारी, दुपारच्या पाळीला, साडेआठशे कैद्यांना दीप्ती एकटी नर्स होती. ती एका टोकाला औषधं वाटत असताना दुसऱ्या टोकाला एका मधुमेही पोराची साखर उतरली. ती पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पोरगा वाचला, पण तीन आठवडे हॉस्पिटलात पडून होता. कंपनीने अहवालात लिहिलं, नर्सने वेळेत लक्ष दिलं नाही. आणखी एक नर्स पाठवा म्हणून दीप्तीने त्या दुपारी तीनदा फोन केला होता, हे कंपनीच्या कुठल्याही कागदात नव्हतं. ते फक्त त्या निळ्या वहीत होतं, तासामिनिटासकट. वही नसली तर उद्या दीप्तीच्या शब्दाला आधार नव्हता, आणि तिचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाणार होतं.

"पानांचे फोटो काढलेस ना?" चित्रलेखाने विचारलं.

"उत्तरपूजा झाली की काढणार होते, ताई. पूजेतली वही कशी उघडायची?"

"आणि त्याआधीचे चार महिने?"

दीप्तीने मान खाली घातली. "ते राहूनच गेलं."

चित्रलेखाने कपाळाला हात लावला. एवढा मोलाचा पुरावा सरस्वतीच्या स्वाधीन करून मंडळी निवांत पुऱ्या खात होती! पण रडणाऱ्या बाईला बोल लावण्यात काय अर्थ, म्हणून तिने डबा यतिनच्या हातात दिला आणि सांगितलं, "कुणीही घरी जायचं नाही. आधी मला चहा दे."

"मी जाणारच होतो," दाराशी उभा असलेला त्यांचा जुना मित्र शिरीष म्हणाला. त्याच्या हातात एक कोल्हापुरी चप्पल होती आणि चेहरा असा की घरात मोठी चोरी झाली ती हीच. "पण माझ्या चपलेचा अंगठा कुणीतरी तोडलाय! सात वर्षांत हिला काही झालं नव्हतं. आज इथे येऊन तुटली!"

२

घरात यजमान धरून पाच माणसं. बाहेरचं कुणी आलं नव्हतं. चित्रलेखा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन बसली आणि एकेकाला बोलावू लागली.

आधी यतिन. दीप्तीचा नवरा, रस्ते बांधणारा इंजिनियर, स्वभावाने भित्रा पण खोटं बोलायला त्याहूनही भित्रा.

"ताई, साक्ष देऊ नकोस असं मी तिला शंभर वेळा सांगितलं, हे कबूल," तो म्हणाला. "एवढी मोठी कंपनी, उद्या कोर्टात खेचेल. पण वही मी नाही घेतली. घेतली असती तर आतापर्यंत मला हार्ट अटॅक आला असता."

हे मात्र पटण्यासारखं होतं. "पूजा कधी झाली? मग कोण कुठे होतं?"

"एकला आरती झाली. मग मी मागच्या दाराने गराजमध्ये गेलो, फोल्डिंगच्या खुर्च्या आणायला. शिरीष मागच्या अंगणात पुऱ्या तळत होता. घरात तळलं की स्मोक अलार्म बोंबलतो ना! दीप्ती त्याला पुऱ्या लाटून देत होती. नुपूर फोनवर होती. आणि सोनं आणायचं राहिलं होतं, म्हणून मिहिर कोपऱ्यावरच्या ऑर्किड ट्रीची पानं आणायला गेला. आपट्यासारखीच असतात ती."

"तू काय घालून गेलास गराजमध्ये?"

"मागच्या दारातल्या रबरी स्लिपर. का?"

"सहज," चित्रलेखा म्हणाली. ती सहज काहीच विचारत नसे.

मग नुपूर आली. युनिव्हर्सिटीत तुरुंगांवर पीएचडी करणारी, तिशीची, सतत फोन हातात असलेली.

"ताई, मीच पहिली सस्पेक्ट ना? मी तीनदा मागितली होती ती वही."

"का गं?"

"कारण आत काय चालतं ते कळायला दुसरा मार्गच नाहीये! सरकारी तुरुंग असला तर माहिती मागता येते. इथे काहीही मागा, कंपनी म्हणते, हे व्यापारी गुपित आहे. एका माणसाला कोंडून ठेवण्यात कसलं आलंय व्यापारी गुपित?" मग तिने आवाज उतरवला. "पण मी चोरेन कशाला? उद्या ती समितीपुढे आली की सगळ्या जगाला वाचता येणार आहे. मला तर ती तिथे पोचायलाच हवी होती."

"फोन कुठे घेतलास?"

"बाहेर फुटपाथवर. आईचा होता, नाशिकहून. माझ्या मोजड्या घातल्या आणि गेले. अर्धा तास तिने फक्त माझ्या लग्नाबद्दल विचारलं, वाटलं तर तिला फोन करा."

चित्रलेखाने तिला हसून जाऊ दिलं. पुढे शिरीष आला. कंपनीच्या हेड ऑफिसात तो नर्स आणि गार्ड यांच्या पाळ्या लावायचा, आणि हे सगळ्यांना माहीत असूनही दर वर्षी त्याला दसऱ्याला बोलावलं जायचं, कारण त्याच्यासारख्या टम्म पुऱ्या कुणाला जमत नसत.

"माझ्यावरच येणार ना सगळं?" तो फणकारला. "खाजगी म्हटलं की राक्षस! सरकारी तुरुंगात काय सोनं लागलंय? आमच्याकडे निदान करार असतो, चुकलो तर दंड होतो. सरकार चुकलं तर कोण कुणाला विचारतं?"

यात तथ्य नव्हतं असं नाही. सरकारी हॉस्पिटलात बावीस वर्षं काढलेल्या चित्रलेखाने ते मनातल्या मनात मान्य केलं.

"पुऱ्या सोडून मध्ये उठला होतास?"

"तापलेलं तेल सोडून? ताई, काहीतरीच काय! दीप्तीला विचारा. ती लाटत होती, मी तळत होतो. जेवायला बसेपर्यंत जागचा हललो नाही."

शेवटी मिहिर. वॉर्डात नर्स, सुट्टीच्या दिवशी एजन्सीतर्फे इथे तिथे पाळ्या करणारा, आणि खाजगी तुरुंगांच्या विरोधात जिथे माईक मिळेल तिथे बोलणारा. मोर्चे काढायचा, पत्रकं वाटायचा. दीप्तीला साक्ष द्यायला त्यानेच उभं केलं होतं. खुर्चीत एक पाय वर घेऊन तो बसला, राखाडी लोकरी मोजा चोळत. अंगात मोटरसायकलचं जाड जॅकेट, गळ्यापर्यंत चेन लावलेली. कपाळावर घाम डबडबला होता.

"कैदी जितके जास्त तितका कंपनीचा फायदा," तो म्हणाला. "मग कैद्याला सुधारून घरी पाठवण्यात कुणाला इंटरेस्ट असणार? मी स्वतः दोन-तीनदा काम केलंय त्या तुरुंगात, ताई. डोळ्यांनी पाहिलंय. ही वही म्हणजे आमचं ब्रह्मास्त्र होतं. ती कुणाला नको असेल ते उघड आहे."

"कुणाला?"

त्याने अंगणाच्या दिशेने हनुवटी उडवली. तिथे शिरीष आपल्या तुटक्या चपलेकडे बघत बसला होता.

"जॅकेट काढ की. ऊन केवढं आहे."

"नो वरीज, ताई. मला बरं आहे असंच," मिहिर म्हणाला आणि रुमालाने मान पुसली.

३

चित्रलेखा उठून पुढच्या दाराशी गेली. कुठल्याही मराठी घरात पाहुणे आले की दाराशी चपलांची रास पडते, आणि ती नीट वाचता आली तर आत कोण बसलंय, कधी आलंय, घाईत आलंय की सावकाश, सगळं कळतं. भिंतीशी नुपूरच्या जरीच्या मोजड्या होत्या. त्यांच्या शेजारी मिहिरचे घोट्याच्या वर जाणारे बूट, दहा भोकांतून लेस वरपर्यंत ओवलेली. दारालगत, सगळ्यांच्या पुढे, शिरीषची दुसरी कोल्हापुरी, डाव्या पायाची. धड होती ती.

तिने ती उचलली आणि उलटी केली. फरशीवर काहीतरी बारीक टपटप पडलं.

तांदळाचे चार दाणे होते. कुंकवाने माखलेले.

"अक्षता!" मागून मिहिरचा आवाज आला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "दीप्ती, यतिन, इकडे या! पूजेतल्या अक्षता शिरीषच्या चपलेत! वही घेऊन बाहेर पडला तेव्हा त्यातून सांडल्या. आता बोल म्हणावं!"

सगळे जमले. दीप्ती शिरीषकडे वळली. एकाच चाळीत वाढलेली ही दोघं, तिच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिलेला हा माणूस.

"शिरीष," ती म्हणाली, "तुझ्या कंपनीसाठी तू माझं इतकं वाटोळं करशील?"

"दीप्ते, आईशप्पथ, मी नाही गं," शिरीष म्हणाला, आणि साठीला टेकलेल्या त्या गृहस्थाच्या डोळ्यात चक्क पाणी आलं. "मी पुऱ्या तळत होतो. तूच तर लाटत होतीस."

"मी मध्ये कणीक तिंबायला आत गेले होते," दीप्ती हळूच म्हणाली. "पाच मिनिटं."

४

पाच मिनिटं पुरेशी होती, हे सगळ्यांना कळत होतं. यतिनने शिरीषच्या गाडीची झडती घ्यायची भाषा सुरू केली. चित्रलेखाने मात्र शिरीषच्या हातातली तुटकी चप्पल मागून घेतली, पर्समधून वाचायचा चष्मा काढला, आणि ओसरीच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली. रक्तपेढीत तिला एक गोष्ट शिकायला मिळाली होती. जे उत्तर पहिल्या मिनिटात मिळतं आणि सगळ्यांना आवडतं, ते पुन्हा एकदा तपासायचं.

चपलेचा अंगठा, म्हणजे ज्यात पायाचा अंगठा अडकवतात ती चामड्याची कडी, मुळापासून उसवली होती. झिजून नव्हे, जोर लावून. कडीच्या आतल्या टाक्यात काहीतरी अडकलं होतं. तिने ते नखाने हलकेच सोडवलं, तळहातावर घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"नुपूर," तिने हाक मारली, "दीप्तीने पूजेच्या आधी तुम्हाला वही वाचून दाखवली होती का गं?"

"हो, एक पान. उद्याची प्रॅक्टिस म्हणून. आम्ही तिला समितीसारखे प्रश्न विचारत होतो. मी रेकॉर्ड केलंय."

"रेकॉर्ड केलंस?"

"माझी सवय आहे, ताई. पण त्याचा काय उपयोग? नुसता दीप्तीचा आवाज आहे, तोही आजचा. पुरावा वहीच."

"लाव तर खरं."

फोनमधून आधी हसणं, भांड्यांचा आवाज. मग दीप्ती वाचू लागली आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर मिहिर तुटून पडत होता. 'हे जोरात वाच.' 'इथे थांब, त्यांच्याकडे बघ.' 'अगं, नुसतं साडेआठशे म्हणू नकोस, साडेआठशे माणसं म्हण!' मग दीप्तीचा आवाज आला: 'तारीख तेरा जून, शनिवार. एक वाजून दहा मिनिटं. दुसरी नर्स, एजन्सीची, आजारी असल्याचा निरोप. बदली नाही. दोन वाजता पाळी सुरू, मी एकटी.' पुढे ती सलग दोन मिनिटं वाचत राहिली.

त्या दोन मिनिटांत मिहिर एक शब्दही बोलला नव्हता.

"पुन्हा लाव," चित्रलेखा म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "सकाळी मिहिर आला तेव्हा त्याने जॅकेटच्या आत काय घातलं होतं?"

"मोर्चाचा टी-शर्ट. आल्या आल्या दाखवला की आम्हाला, त्याच्याच ग्रुपने छापलाय," नुपूर म्हणाली आणि अर्ध्यावर थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "ताई, त्याच्यावर तारीख आहे!"

५

हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. चित्रलेखाने आम्रखंडाच्या वाट्या भरायला लावल्या, कारण उपाशी माणसं भांडतात असं तिचं ठाम मत होतं.

"शिरीषच्या चपला वहीबरोबर बाहेर गेल्या, हे खरं," तिने सुरुवात केली. "अक्षता खोटं बोलत नाहीत. प्रश्न एवढाच की त्या चपलांत पाय कुणाचे होते. आपल्याकडे दोन मिनिटं बाहेर जायचं असलं की आपण काय करतो? दाराशी जी दिसेल ती चप्पल पायात सरकवतो. नवऱ्याची, सासूची, पाहुण्याची. हे आपण इतकी वर्षं करत आलोय की चोरी करतानाही सवय सुटत नाही."

"मग कुणीही असेल," यतिन म्हणाला.

"नाही ना. नुपूरच्या मोजड्या सुटसुटीत. तू मागच्या दाराने स्लिपर घालून गेलास. दुसऱ्याची चप्पल लागते ती कुणाला? ज्याच्या स्वतःच्या बुटांना दहा भोकं आहेत आणि लेस बांधायला वेळ नाही, त्याला. आता कोल्हापुरीची गंमत अशी की तिला अंगठा असतो. मोजा घातलेला पाय तिच्यात जात नाही. घाईत ढकललात, तर कडी तुटते." तिने तळहात पुढे केला. त्यावर राखाडी लोकरीचा पिंजलेला धागा होता. "मी येण्याआधी या घरात मोजे घालून एकच माणूस आला होता."

कुणीही मिहिरकडे बघायचं टाळलं, पण त्याच्या पायांकडे सगळ्यांनी बघितलं. उजव्या मोज्याच्या टोकाला बोटाएवढं भोक पडलं होतं.

"वेडेपणा आहे हा!" मिहिर उठून उभा राहिला. "ही वही समितीपुढे यावी म्हणून चार महिने मी जिवाचं रान केलं! मी ती का चोरीन?"

"जॅकेटची चेन उघड, म्हणजे सांगते."

मिहिरने हात वर नेला आणि चेन खाली ओढली. पिवळ्या टी-शर्टवर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कैद हा धंदा नव्हे'. त्याखाली, 'मोर्चा आणि सभा, पॅरामॅटा, शनिवार १३ जून, दुपारी ३'.

दीप्तीच्या हातातला चमचा वाटीत पडला. "मिहिर. ती एजन्सीची नर्स म्हणजे तू?"

"मला माहीत नव्हतं गं!" मिहिर मटकन खाली बसला. "तुझ्या वकिलाने नको सांगितलं म्हणून तू तारीख कधी बोललीच नाहीस. शिफ्ट घेतली होती, मग कळलं की सभेत मुख्य भाषण माझंच आहे. मी सिक कॉल केला, आजारी आहे म्हणून. मला वाटलं, दुसरं कुणीतरी येईल. आज तू वाचलंस तेव्हा कळलं. उद्या ते विचारणार, ती नर्स कोण? आणि उत्तर काय, तर खाजगी तुरुंगांविरुद्ध भाषण ठोकायला गेलेला माणूस! ते हसतील, दीप्ती. विधेयक पडेल. सगळ्यांनी केलेलं काम मातीत जाईल."

"आणि माझं रजिस्ट्रेशन?"

मिहिर उठला, मोज्यांवरच बाहेर गेला, मोटरसायकलच्या मागच्या पेटीतून वही काढून आणली आणि दीप्तीच्या मांडीवर ठेवली. मुखपृष्ठावर हळदीकुंकवाची बोटं तशीच होती.

इतका वेळ दबून बसलेला शिरीष आता फुलून आला. "बघा! मी काय म्हणत होतो? चूक कंपनीची नव्हतीच! एजन्सी आम्हाला नाव कधी कळवतच नाही! यांच्याच पुढाऱ्याने दांडी मारली आणि..."

"शिरीष, गप्प बस," दीप्ती म्हणाली. तिने डोळे पुसले, पण आवाज आता खणखणीत होता. "तो आला नाही, हा त्याचा गुन्हा. त्याच्या जागी कुणीही आलं नाही, हा कुणाचा? माणसं आजारी पडतात, खरी पडतात, खोटी पडतात. एक वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला कळलं होतं. मी दोनला, साडेतीनला आणि पाचला फोन केला. तुम्ही काय केलंत?"

"अगं, पण वीकेंडला बदली मागवायचीच नाही असा आमच्याकडे नियमच आहे!" शिरीष स्वतःचा बचाव करायला तावातावाने म्हणाला. "मी काय करणार? मला तर लेखी आलंय वरून!"

आपण काय बोललो ते शिरीषला सगळ्यात शेवटी कळलं. नुपूरचा हात फोनकडे गेला, पण दीप्तीने मान हलवून तिला थांबवलं. "नाही. चोरून नाही. त्याला सांगायचं असेल तर तो स्वतः सांगेल."

मग ती मिहिरकडे वळली. "तुझ्यावर मी तक्रार करणार नाही. पण उद्या मला विचारलं तर मी नाव सांगीन. खोटं बोलणार नाही. एक माणूस तिथे मरता मरता वाचलाय."

मिहिरने मान हलवली, हेल्मेट उचललं आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेला.

६

सोमवारी सकाळी मॅक्वारी स्ट्रीटवर, विधिमंडळाच्या इमारतीतल्या समितीच्या खोलीत चित्रलेखा वीस मिनिटं आधीच जाऊन बसली. यतिन तिच्या डावीकडे नखं खात होता. उजवीकडच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवून जागा धरली होती. कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही, पण यतिनने ओळखलं. पलीकडे कंपनीचे वकील रांगेने बसले होते.

दहा वाजले. सव्वादहा झाले. खुर्ची रिकामीच होती. रात्रीत त्या पोराने काय ठरवलं असेल, या विचाराने चित्रलेखाला झोप लागली नव्हती. चोर पकडणं तिला सोपं गेलं होतं. पण आपण एका चांगल्या मुलाला सगळ्यांदेखत उघडं पाडलं, हे तिला फार लागलं होतं.

दीप्तीने साक्ष छान दिली. वही उघडून एकेक वेळ वाचली. दोन वाजता. साडेतीन वाजता. पाच वाजता. अध्यक्षबाईंनी वही मागून घेतली, पानं उलटून पाहिली, कुंकवाच्या डागावर जरा थबकल्या आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इथे लिहिलंय की एजन्सीच्या नर्सने एक दहाला आजारी असल्याचं कळवलं. ती व्यक्ती कोण, हे तुम्हाला माहीत आहे का?"

कंपनीचे वकील पुढे वाकले. दीप्तीने एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे. त्याचं नाव..."

मागचं दार उघडलं. पांढरा शर्ट घातलेला मिहिर आत आला. त्याच्यामागून पार्किंग शोधता शोधता घामाघूम झालेला शिरीष आला, दोन क्षण कंपनीच्या रांगेकडे बघत घुटमळला, आणि मग चित्रलेखाची पर्स उचलून तिच्या शेजारी बसला. मिहिर मात्र उभाच राहिला.

"मी," तो मोठ्याने म्हणाला. "ती व्यक्ती मी आहे. मी आजारी नव्हतो."

खोलीत कुजबूज उठली. अध्यक्षबाईंनी हात वर करून ती थांबवली. "सर, तुम्ही साक्षीदारांच्या यादीत नाही. त्या दिवशी तिथे जे घडलं, ते तुम्ही पाहिलंत का?"

"नाही, मॅडम. मी तिथे नव्हतो," मिहिर म्हणाला. "तेच सांगायला आलोय."